लॅपटॉपमधलं दुसरं कार्ड

कपाशीच्या हिरव्या बोंडात गुलाबी अळी शिरते तेव्हा बाहेरून काहीच दिसत नाही. अंड्यातून निघालेली बारीकशी अळी बोंडाला छिद्र पाडून आत जाते आणि बोंड वाढतं तसं ते छिद्र बुजून जातं. धुऱ्यावरून पाहावं तर पीक हिरवंगार. बोंड फुटायला लागलं की मग कळतं, सरकी खाल्लेली आहे आणि रुईवर पिवळे डाग पडलेत. 2017 साली या अळीनं विदर्भात काय केलं हे आमच्या यवतमाळ जिल्ह्यात कोणत्याही कापूसवाल्याला विचारा. कृषीची पदवी घेऊन मी घाटंजी तालुक्यातल्या आमच्या गावात परत आले आणि शेतकऱ्यांसाठी छोटे व्हिडिओ करायला लागले, तेव्हापासून मनात एकच होतं: बोंडाच्या आत काय चालतं ते दाखवायचं. कामगंध सापळा कसा लावायचा, डोमकळी, म्हणजे अळीमुळे न उमलता मिटून राहिलेलं फूल, कशी ओळखायची, हे मोबाईलच्या कॅमेऱ्यानं दाखवता येतं. बोंडाच्या आतलं नाही. त्यासाठी ब्लेंडर या थ्रीडी चित्रं घडवायच्या सॉफ्टवेअरमध्ये बोंड, अळी, सरकी सगळं उभं करावं लागतं.

उभं केलं. अडचण पुढे होती. बोंडाची साल थोडी पारदर्शक दिसावी, उन्हाचा प्रकाश सालीत शिरून आत विखुरावा आणि त्या उजेडात अळीची सावली हलावी, असं मला हवं होतं. ब्लेंडरचं सायकल्स नावाचं रेंडर इंजिन, म्हणजे मॉडेलवरून चित्र तयार करणारा भाग, हे फार सुंदर करतं, पण प्रकाशाच्या एकेका किरणाचा हिशेब करत बसतं. माझ्या लॅपटॉपच्या प्रोसेसरला एका चित्राला पाच मिनिटं लागत होती. सेकंदाला 25 चित्रं धरली तर एका मिनिटाच्या व्हिडिओला 1500 चित्रं लागतात. म्हणजे 7500 मिनिटं, म्हणजे 125 तास. पाच दिवसांहून जास्त वेळ लॅपटॉप न थांबता तापत ठेवायचा, आणि तोही आमच्याकडच्या लाईनवर.

लॅपटॉप नागपूरहून घेतलेला, वापरलेला. इंटेलचा नवव्या पिढीचा आय-5 आणि सोबत एनव्हिडियाचं जीटीएक्स 1650 कार्ड, 4 जीबी मेमरीचं. कार्ड आहे म्हणूनच तो घेतला होता. पण त्यावर लिनक्स मिंट 22 ही ऑपरेटिंग सिस्टीम टाकून ब्लेंडरच्या सेटिंगमध्ये पाहिलं तर क्यूडाच्या, म्हणजे एनव्हिडियाच्या कार्डाकडून हिशेब करून घ्यायच्या सोयीच्या, खाली एवढंच लिहिलेलं, की सायकल्ससाठी चालेल असं एकही ग्राफिक्स कार्ड सापडलं नाही. कार्ड लॅपटॉपमध्ये आहे आणि ब्लेंडरला दिसत नाही. या दोन गोष्टींच्या मध्ये काय काय असतं ते मला त्यानंतरच्या काळात नीट कळलं. मराठीत हे कुठं एकसलग वाचायला मिळालं नाही, म्हणून लिहिते आहे.

आधी लिनक्स टाकतानाच एक गोष्ट झाली होती. पेन ड्राइव्हवरून मिंट सुरू केलं की लोगो यायचा आणि पडदा तिथंच गोठायचा. असं झालं तर मिंटच्या पहिल्या यादीतच कंपॅटिबिलिटी मोड नावाचा पर्याय असतो, तो निवडायचा. त्यात कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, ‘नोमोडसेट’ ही सूचना जाते. ग्राफिक्स ड्रायव्हरनं, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रामनं, सुरुवातीलाच पडद्याचा ताबा घेऊ नये, साध्या पद्धतीनं चित्र दाखवावं, एवढाच तिचा अर्थ. चित्र ओबडधोबड येतं पण इन्स्टॉल पार पडतं. पुढे खरा ड्रायव्हर बसला की या सूचनेची गरज उरत नाही आणि ती काढून टाकायची असते. ती राहिली तर ग्राफिक्सचा ड्रायव्हर पडद्याचं काम हाती घेतच नाही.

आता कार्डाकडे. टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, पहिली कमांड एलएसपीसीआय, तिला ‘-के’ जोडून. यात मशीनच्या आतल्या सगळ्या उपकरणांची यादी येते आणि कोणतं उपकरण कोणत्या ड्रायव्हरकडे आहे तेही कळतं. माझ्या यादीत प्रोसेसरच्या आतलंच इंटेलचं ग्राफिक्स होतं, आणि खाली टीयू117एम, जीफोर्स जीटीएक्स 1650 मोबाईल, असं स्वच्छ लिहिलेलं होतं. म्हणजे कार्ड जिवंत आहे आणि कर्नलला दिसतं आहे. ही ओळ पाहिल्यावर माझा अर्धा जीव भांड्यात पडला, कारण जुन्या मालाचं काही सांगता येत नाही. त्याच्याखाली वापरात असलेला ड्रायव्हर म्हणून ‘नूव्हो’ लिहिलेलं होतं.

नूव्होबद्दल थोडं सांगायला हवं. हा एनव्हिडियाच्या कार्डांसाठी बाहेरच्या लोकांनी कार्डांचं वागणं बारकाईनं तपासून लिहिलेला खुला ड्रायव्हर आहे. 2010 साली कर्नलच्या 2.6.33 या आवृत्तीत तो आला. किती लोकांनी किती वर्षं चिकाटीनं हे काम केलं असेल याचा विचार केला की मला खरंच आदर वाटतो. नवं लिनक्स टाकल्यावर पडद्यावर काहीतरी दिसतं ते कितीतरी लॅपटॉपांत त्यांच्यामुळेच. पण मॅक्सवेल नावाच्या चिपरचनेच्या दुसऱ्या पिढीपासून, म्हणजे जीटीएक्स 900 मालिकेपासून, कार्डाचा वेग वाढवायला एनव्हिडियाची सही असलेलं फर्मवेअर, म्हणजे कार्डाच्या आत चालणारं सॉफ्टवेअर, लागतं, आणि ते हाती नसल्यामुळे नूव्होवर ही कार्डं बरीच वर्षं अगदी संथ वेगात अडकून राहिली. अलीकडच्या कर्नलांत ही स्थिती सुधारते आहे. माझ्या कामाचा अडसर मात्र वेगळाच होता. सायकल्सला एनव्हिडियाच्या कार्डावर हिशेब करायला क्यूडा लागतं, आणि क्यूडा फक्त एनव्हिडियाच्या स्वतःच्या ड्रायव्हरसोबत येतं. त्यामुळे तो बसवण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

मिंटमध्ये ड्रायव्हर मॅनेजर आहे. तो कार्ड ओळखतो आणि चालणाऱ्या ड्रायव्हरांची यादी देऊन एकापुढे ‘शिफारस’ लिहितो. मला त्यात 550 या क्रमांकाचा मिळाला. एनव्हिडियाच्या साईटवरून मोठी फाईल उतरवून हातानं बसवायचे सल्ले खूप मिळतात. माझं मत स्पष्ट आहे: ते करू नका. आपल्या लिनक्सच्या भांडारातला ड्रायव्हर घ्या. कर्नल बदलला की तो सोबत सांभाळला जातो. हातानं बसवलेल्याची जबाबदारी कायमची आपल्यावर येते.

उतरवायचं मात्र काही शे एमबी होतं. आमच्याकडे नेट म्हणजे फोन. रोजचा डेटा ठरलेला, आणि घरात रेंज फक्त माडीवरच्या खिडकीशी. फोन खिडकीच्या गजाला पिशवीत टांगून खाली लांब वायर सोडली आणि यूएसबी टेदरिंगवर लॅपटॉप जोडला. वायफाय हॉटस्पॉटपेक्षा हे बरं पडतं, फोन चार्जही होत राहतो. रात्री जेवणं आटोपल्यावर रेंज सुधारते. नेट मधेच तुटलं की घाबरायचं कारण नसतं. ॲप्ट, म्हणजे मिंटमधला पॅकेज उतरवणारा प्रोग्राम, अर्धवट उतरलेल्या फाईली ठेवून देतो आणि तीच कमांड पुन्हा दिली की राहिलेलं पुढे उतरवतो. जपायचं ते पुढच्या टप्प्याला, म्हणजे पॅकेज प्रत्यक्ष बसत असताना. जुन्या लॅपटॉपची बॅटरी फार वेळ तग धरत नाही आणि आमच्याकडे वारा सुटला की लाईन जाते. त्यामुळे सगळं आधी फक्त उतरवून घेतलं. ॲप्टला तसं सांगता येतं. मग सकाळी लाईन स्थिर असताना बसवलं. त्या वेळी वीज गेलीच आणि काम अर्धवट राहिलं, तर पॅकेज बसवणाऱ्या डीपीकेजीला ‘कॉन्फिगर’ची कमांड देऊन राहिलेलं पूर्ण करता येतं.

बसताना पडद्यावर डीकेएमएस असा शब्द जातो. त्याचं काम समजून घेतलं की पुढचं बरंच सोपं होतं. एनव्हिडियाचा ड्रायव्हर कर्नलचा भाग नाही. त्याचं मॉड्यूल, म्हणजे कर्नलला जोडायचा तुकडा, प्रत्येक कर्नलसाठी त्याच मशीनवर नव्यानं बांधावं लागतं, आणि ते बांधणारा गडी म्हणजे डीकेएमएस. त्याला कर्नलच्या हेडर फाईली लागतात. नवा कर्नल आला आणि त्याचे हेडर आलेच नाहीत, तर मॉड्यूल बांधलं जात नाही आणि कार्ड पुन्हा गायब होतं. ‘डीकेएमएस स्टेटस’ विचारलं की कोणत्या कर्नलसाठी काय बांधलं आहे ते दिसतं.

माझ्याकडे सगळं बांधलं गेलं होतं. लॅपटॉप पुन्हा सुरू केला, कार्डाची हालहवाल सांगणारी एनव्हिडिया-एसएमआय ही कमांड दिली, आणि उत्तर आलं की ड्रायव्हरशी बोलणं होत नाही, ड्रायव्हर बसलेला आणि चालू आहे का ते पाहा.

बहुतेक लोक इथं वैतागतात. माझा मामेभाऊ नागपूरला इंजिनिअरिंगला आहे. त्याला फोन केला तर तो म्हणाला, “ताई, विंडोज टाकून घे, काऊन जीव खाते?” पण ड्रायव्हर बसला आहे, मॉड्यूल बांधलं आहे आणि तरी चालत नाही, म्हणजे मधे कुणीतरी अडवतं आहे, एवढं दिसत होतं. कोण अडवतं ते मशीनलाच विचारावं म्हणून मॉड्यूल हातानं चढवायची कमांड दिली: मोडप्रोब एनव्हिडिया. उत्तर एका ओळीचं होतं, की किल्ली नाकारली गेली. मग डीमेसेजमध्ये कर्नलचा निरोप वाचला. तिथंही तेच, या मॉड्यूलवरची सही ओळखीची नाही.

अडवणारा होता सिक्युअर बूट. मशीन सुरू होताना फक्त ओळखीची सही असलेलाच कोड चालू द्यायचा, ही त्याची कामगिरी. लिनक्सचा कर्नल सही होऊन येतो, म्हणून तो चालतो. पण एनव्हिडियाचं मॉड्यूल माझ्याच लॅपटॉपवर बांधलं गेलं होतं. त्यावर सही केली होती माझ्याच मशीननं, स्वतः तयार केलेल्या किल्लीनं, आणि ती किल्ली फर्मवेअरच्या ओळखीच्या यादीत नव्हती. टर्मिनलमधून बसवताना याबद्दल विचारणा होऊन पासवर्ड मागितला जातो. मला ड्रायव्हर मॅनेजरच्या खिडकीतून बटण दाबून बसवताना तसं काही विचारलं गेलं नाही.

बायोसमध्ये जाऊन सिक्युअर बूट बंद करणं हा एका मिनिटाचा उपाय आहे आणि बरेच जण तोच सांगतात. मला तो नको होता. माझ्या लॅपटॉपमध्ये गावातल्या लोकांचे सातबारे असतात, पीकविम्याचे कागद असतात, लोक विश्वासानं पाठवतात. मशीनला एक कुलूप असेल तर ते मी का काढू? आणि किल्ली ओळखीची करून देणं काही अवघड नाही. मोकयूटिल नावाची कमांड आहे. तिला ‘इम्पोर्ट’ म्हणून व्हार, लिब, शिम-साइन्ड, मोक या फोल्डरमधली एमओके डॉट डीईआर ही फाईल द्यायची. ती एक पासवर्ड मागते. तो एकदाच वापरायचा असतो, पुढे कधी लागत नाही. साधी अक्षरं आणि आकडे ठेवा, कारण पुढच्या पडद्यावर कीबोर्डची भाषा बदललेली असू शकते आणि चिन्हं भलतीच उमटतात.

मग लॅपटॉप पुन्हा सुरू करायचा आणि समोरून हलायचं नाही. लिनक्स सुरू होण्याआधी एक निळा पडदा येतो आणि दहा सेकंदांत कोणतंही बटण दाबा म्हणतो. नाही दाबलं तर तो गपगुमान पुढे जातो आणि किल्ली नोंदवायची राहून जाते. बटण दाबलं की छोटी यादी येते. पहिला पर्याय ‘बूट चालू ठेवा’ असा असतो, तो सोडायचा. दुसरा ‘एनरोल एमओके’, तो घ्यायचा. मग ‘कंटिन्यू’, मग ‘येस’, मग तो पासवर्ड. टाइप करताना पडद्यावर काही उमटत नाही, तरी टाइप करत राहायचं. शेवटी ‘रीबूट’. माउस चालत नाही, सगळं बाणांच्या बटणांनी.

त्यानंतर एनव्हिडिया-एसएमआयनं तो चौकटीचा तक्ता दाखवला. कार्डाचं नाव, ड्रायव्हर 550, तापमान, किती वॅट खातंय, 4 जीबीतली किती मेमरी वापरात आहे. मी तो तक्ता कितीतरी वेळ पाहत बसले होते. आईनं विचारलं, “काय झालं व, रिझल्ट लागला का?” मी म्हटलं, हो, लागला.

तरी पडद्यावरची चित्रं अजून इंटेलच काढत होतं, आणि हे तसंच असायला हवं असतं. असे लॅपटॉप ऑप्टिमस पद्धतीचे असतात. एनव्हिडियानं ही पद्धत 2010 साली आणली. लॅपटॉपचा पडदा बहुधा इंटेलच्या ग्राफिक्सलाच जोडलेला असतो. एनव्हिडियाचं कार्ड चित्र तयार करतं, पण ते पडद्यापर्यंत नेतं इंटेलच, जसा माल शेतकऱ्याचा असला तरी मार्केट यार्डात तो अडत्याच्या हातूनच जातो. लिनक्सवर ही देवाणघेवाण फार वर्षं अवघड होती. 2011 पासून बंबलबी नावाचा एक प्रकल्प लोकांनी चालवला, त्यावर अनेकांनी दिवस काढले. मग 2019 मध्ये 435 मालिकेच्या ड्रायव्हरनं प्राइम रेंडर ऑफलोड आणलं. सगळा डेस्कटॉप इंटेलवर राहू द्यायचा आणि हव्या त्या एकाच प्रोग्रामचं चित्र एनव्हिडियाकडे सोपवायचं, ही सोय तेव्हापासून सरळ झाली. 2020 च्या मिंट 20 मध्ये तर मेनूतल्या प्रोग्रामवर राइट क्लिक करून तो एनव्हिडियावर चालवा असा पर्यायच आला.

खालच्या पट्टीवरच्या छोट्या चिन्हात तीन अवस्था असतात. फक्त इंटेल, गरजेपुरतं एनव्हिडिया म्हणजे ऑन-डिमांड, आणि सगळंच एनव्हिडियावर. मी ऑन-डिमांड ठेवलं. खात्री करायला जीएलएक्सइन्फो कमांड साधी चालवली तर चित्रकार म्हणून इंटेलचं नाव आलं. तीच कमांड ऑफलोडची दोन व्हेरिएबलं आधी लावून चालवली तर जीटीएक्स 1650 आलं. एकाच पडद्यावर, एकाखाली एक, दोन वेगळी उत्तरं.

आता ब्लेंडरबद्दलची एक गोष्ट, जिनं मला चांगलंच बुचकळ्यात टाकलं होतं. ब्लेंडर साध्या पद्धतीनं, म्हणजे इंटेलवर उघडलं तरी सायकल्सच्या सेटिंगमध्ये जीटीएक्स 1650 दिसत होतं, आणि रेंडर त्याच्यावर चालतही होतं. मग ऑफलोड कशाला? याचं कारण असं की सायकल्सला कार्डाकडून चित्र काढून घ्यायचं नसतं, हिशेब करून घ्यायचा असतो. तो क्यूडामार्फत थेट होतो, पडद्याचा त्याच्याशी संबंध नाही. उलट काम करताना समोर जे बोंड फिरवून पाहतो ती खिडकी, किंवा ईव्ही हे दुसरं रेंडर इंजिन, ओपनजीएल या पडद्यावर चित्र काढायच्या पद्धतीवर चालतं. ते ब्लेंडर ज्या कार्डावर उघडलं असेल त्याच्याच भरवशावर राहतं. म्हणून मॉडेल घडवताना मी ब्लेंडर राइट क्लिक करून एनव्हिडियावर उघडते. रात्रभराचं सायकल्स रेंडर लावताना साधंच उघडते, म्हणजे कार्डाची 4 जीबी मेमरी खिडक्या रंगवण्यात वाया जात नाही. कापसाच्या तंतूंनी भरलेल्या दृश्याला 4 जीबी काठोकाठ होते, तेव्हा हा फरक जाणवतो. मेमरी अपुरी पडली की रेंडर मंदावतं किंवा थांबतंच. टेक्स्चरांचा आकार अर्धा केला की चालतं, आणि मोबाईलवर पाहणाऱ्याला फरक कळतही नाही.

सेटिंगमध्ये क्यूडा आणि ऑप्टिक्स असे दोन पर्याय येतात. 1650 ला किरणांचा हिशेब करणारे खास भाग नाहीत, तरी ब्लेंडर 2.90 पासून ऑप्टिक्स अशा कार्डांवरही चालतं. दोन्ही करून पाहा आणि ज्यात तुमचं दृश्य लवकर होतं ते ठेवा. पहिल्यांदा रेंडर लावलं की बराच वेळ काहीच हलत नाही, कर्नल लोड होत असल्याचं लिहून येतं (हा लिनक्सचा कर्नल नव्हे, सायकल्सचा कार्डावर चालणारा कोड). तेव्हा बंद करू नका, तो वेळ पहिल्याच खेपेला लागतो.

बोंडाचं ते चित्र, ज्याला प्रोसेसरवर पाच मिनिटं लागत होती, सव्वा मिनिटात झालं. 125 तासांचं काम 31 तासांच्या आसपास आलं. तेही सलग करायचं नसतं. ब्लेंडरला प्रत्येक चित्र वेगळी पीएनजी फाईल म्हणून ठेवायला सांगायचं आणि आधी झालेली पुन्हा करू नकोस असंही सांगायचं. लाईन गेली तर झालेली चित्रं राहतात. परत आली की तिथून पुढे. थेट व्हिडिओ फाईल करायला लावली आणि मधेच मशीन बंद पडलं तर सगळं जातं, आमच्यासारख्या गावात ते परवडणारं नाही.

बॅटरीवर मात्र रेंडर करण्यात अर्थ नाही. लाईन गेली की कार्ड स्वतःहून वीज आवरतं आणि वेग पार खाली येतो. आणि उन्हाळा. मे महिन्यात आमच्याकडे पारा 45 च्या घरात जातो, दुपारी टिनाच्या खोलीत लॅपटॉपला हात लावता येत नाही. एनव्हिडिया-एसएमआयला ‘-एल’ लावून सेकंद दिले की तो तक्ता दर थोड्या वेळानं नवा होत राहतो. दुपारी मी तापमान पाहते, ते चढत जातं आणि एका मर्यादेला कार्डाचा वेग आपोआप उतरतो. म्हणून उन्हाळ्यात रेंडर पहाटेच, कूलरच्या वाऱ्यात, लॅपटॉप मागून दोन लाकडी पट्ट्यांवर उचलून. बाबा चारला उठतात. पंख्याचा आवाज ऐकून म्हणतात, “थे मशीन काऊन एवढं धापा टाकून रायलं?” पण बंद करत नाहीत. उलट वासरू तिकडं जाऊ नये म्हणून दार लोटून घेतात.

लॅपटॉप झोपवून पुन्हा उठवला की कधी कधी सायकल्स क्यूडाची अनोळखी चूक दाखवतं, आणि एनव्हिडिया-एसएमआय मात्र ठणठणीत असतं. पडद्याचं सगळं नीट, फक्त हिशेब बंद. तेव्हा ब्लेंडर बंद करायचं, एनव्हिडिया-यूव्हीएम हे मॉड्यूल आरएममोडनं काढायचं आणि मोडप्रोबनं परत चढवायचं. मशीन पुन्हा सुरू करायची गरज नाही. मी या दोन ओळींची एक छोटी स्क्रिप्ट करून ठेवली आहे.

काम नसताना कार्ड खरंच झोपतं का, हेही पाहून घ्या, कारण बॅटरी त्यावर ठरते. 1650 ट्युरिंग पिढीचं आहे. या पिढीपासून कार्ड गरज नसताना स्वतःला पूर्ण बंद करू शकतं, लॅपटॉपही तेवढा नवा असला तर. सिस फोल्डरमध्ये त्या पीसीआय उपकरणाच्या पॉवर खाली रनटाइम स्टेटस नावाची फाईल असते. ती वाचली की ‘सस्पेंडेड’ किंवा ‘ॲक्टिव्ह’ असं उत्तर मिळतं. हे एनव्हिडिया-एसएमआयनं तपासू नका. ती कमांड कार्डाला हालवून उठवते आणि मग ते जागंच सापडतं.

ग्रामपंचायतीच्या सभागृहात प्रोजेक्टर लावायची वेळ आली तेव्हा एचडीएमआयचा प्रश्न उभा राहिला. माझ्या लॅपटॉपचं एचडीएमआय एनव्हिडियाच्या कार्डाला जोडलेलं आहे. एलएसपीसीआयच्या यादीत ते कार्ड नुसतं ‘थ्रीडी कंट्रोलर’ न येता ‘व्हीजीए’ म्हणून आलं होतं, त्यातून अंदाज आलाच होता. फक्त-इंटेल अवस्थेत प्रोजेक्टरला काहीच मिळत नाही, कारण ज्या कार्डाला वायर आहे ते बंद असतं. ऑन-डिमांडमध्ये लगेच चित्र आलं. प्रोजेक्टर न दिसणाऱ्यांनी वायर बदलायच्या आधी ही अवस्था पाहावी.

पावसाळ्याच्या तोंडाला शेजारच्या गावचा आयटीआयचा एक मुलगा त्याचा लॅपटॉप घेऊन आला. त्याला फ्रीकॅड हे ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर नीट चालवायचं होतं. झाकणावरच्या स्टिकरवर 920 एवढंच वाचता येत होतं. इथं सांभाळावं लागतं, कारण 920एम हे जुन्या केप्लर पिढीचं कार्ड आहे आणि 920एमएक्स मॅक्सवेल पिढीचं. नवे ड्रायव्हर केप्लरला घेतच नाहीत, त्याला 470 ची जुनी मालिका लागते. स्टिकरवर न जाता एलएसपीसीआय चालवलं, तर चिपचं नाव जीके208 निघालं. म्हणजे केप्लर. ड्रायव्हर मॅनेजरनंही 470 चीच शिफारस केली. तो टाकला, किल्ली नोंदवली, आणि फ्रीकॅड राइट क्लिक करून एनव्हिडियावर उघडलं. त्याचं कार्ड ट्युरिंगच्या आधीचं असल्यामुळे ऑन-डिमांडमध्ये ते स्वतःहून बंद होत नाही, बॅटरी खात राहतं. म्हणून त्याला सांगितलं, ड्रॉइंगचं काम असेल त्या दिवशी ऑन-डिमांड, एरवी फक्त इंटेल, आणि अवस्था बदलली की लॅपटॉप एकदा पुन्हा सुरू करायचा. कर्नलचं मोठं अपडेट आलं तर 470 त्यावर बांधला जातो का ते डीकेएमएसला विचारूनच पुढे जायचं, आणि तोवर जुना कर्नल काढायचा नाही. त्यानं हे सगळं वहीत लिहून घेतलं आणि त्याच्या वर्गातल्या दुसऱ्या मुलाचं एमएक्स130 आहे, त्याला कोणता ड्रायव्हर लागेल, असं विचारलं. ते मॅक्सवेल आहे, 550 चालेल.